तिकिटं नोव्हेंबरची काढली आहेत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, आधी हेच सांगते. तुमची एप्रिलची तिकिटं मी बदलली, आता १५ नोव्हेंबरचं विमान आहे. तुला साकुरा, म्हणजे चेरीचा तो बहर, किती बघायचाय ते ठाऊक आहे गं. पण टोकियोत तो मार्चअखेरीस फुलतो आणि नेमके तेव्हाच सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडांचे परागकण हवेत असतात. महायुद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर या झाडांनी भरले. त्यांचा बहर ओसरतो तोवर हिनोकी या तसल्याच दुसर्‍या झाडाचा सुरू होतो. धडधाकट माणसं मास्क लावून शिंकत असतात, तिथे तुझा दमा! नाशिकची ती रात्र मला परत नको. नोव्हेंबरअखेरीस शिंजुकू ग्योएन बागेत मेपल लाल होतात, वाटा सपाट आहेत, बाकं आहेत, बाबांच्या गुडघ्यांना सोसेल. आणि ओकिनावात साकुरा जानेवारीतच फुलतो, सुगी तिथे जवळपास नाही. तो आपला पुढचा बेत, नक्की.

जेवणाची काळजी करू नकोस. निशी-कसाईच्या भारतीय दुकानांत तूरडाळ, कणीक, हिंग सगळं मिळतं. गोडा मसाला आणि मेतकूट तेवढं तुझ्या हातचं आण. कढीपत्ता, ताजी फळं, तांदूळ मात्र नको, प्रमाणपत्राशिवाय विमानतळावर काढून घेतात. बाहेर खाताना फसवते ती दाशी, म्हणजे इथल्या सूपांचं मूळ पाणी. नुसत्या भाज्यांच्या उदोन शेवयांचं पाणीसुद्धा बहुधा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवलेल्या माशाचं असतं. मिसो सूपचंही तेच. मी विचारल्याशिवाय बाबांनी चमचा लावायचा नाही. बौद्ध देवळांतलं शोजिन र्‍योरी हे शाकाहारी जेवण चालेल, त्यात दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिताके अळंबीची करतात.

बाबा, आता अंघोळ. हे नीट वाचा, कारण इथे थंडीत बरीच म्हातारी माणसं न्हाणीघरात दगावतात. कपडे काढायची खोली गार, टबातलं पाणी कढत, आणि रक्तदाब एकदम वरखाली होतो. म्हणून मी आधी ती खोली गरम करीन. तुम्ही टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून सगळं अंग धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, मग टबात शिरायचं. पाणी ४१ अंशांपर्यंतच, १० मिनिटांच्या आत बाहेर, आणि उठताना कठडा धरून सावकाश. जेवल्यावर लगेच नाही. टबाचं बूच काढू नका, त्याच पाण्यात नंतर घरातले बाकीचे बसतात. टबात बसायचं नसेल तर बादलीभर गरम पाणी आहेच, जबरदस्ती नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्याच आणा. त्याहून जास्त आणायच्या तर आधी इथल्या सरकारचा परवाना लागतो. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा मी विमानतळावरूनच कुरिअरने घरी पाठवीन, त्या दुसर्‍या दिवशी येतात, म्हणून एक जोडी कपडेही जवळ असू द्या. सर्दीची कुठलीही गोळी सोबत आणू नका, स्युडोएफेड्रिन असलेल्या काही इथे बंद आहेत.

आणि बाबा, ते नाडीचे बूट नकोत. उंबर्‍याशी, देवळात, कितीतरी खानावळींत बूट काढायला लागतात आणि वाकून गाठ सोडताना तुमची कंबर धरते. वेल्क्रोचे घ्या. मोजे नवे घाला. ताटामीवर, म्हणजे इथल्या खोल्यांतल्या गवती चटयांवर, सपाताही चालत नाहीत आणि संडासातल्या सपाता तिथेच सोडायच्या असतात.

रविवारी फोन करते, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवा. गोळ्यांची नावं तुम्ही मला एकेक करून वाचून दाखवा.

तुमची,
मनू