आईचे उत्तर उशिरा येते, म्हणून

पुणे, १८ मार्च

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हांला न विचारता एक गोष्ट ठरवली आहे. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आईच्या मेंदूलहरींची तपासणी, म्हणजे ईईजी, आणि स्मरण-एकाग्रतेच्या चाचण्या पुण्यात करायच्या आहेत. शनिवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसची तिकिटेही काढली आहेत. विचारले असते तर बाबा ‘उन्हाळा सरू दे’ म्हणाले असते, आई ‘मला काय झालंय’ म्हणाली असती, आणि आणखी एक वर्ष गेले असते.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आले होते तेव्हा किराणाच्या यादीची बेरीज करताना आई थांबली, आणि बाबा, तुम्ही तिच्या आधी उत्तर सांगितलेत. ते मायेनेच होते, हे मी जाणते; पण बारा मागांच्या कामगारांची मजुरी तोंडी सांगणाऱ्या आईने तेव्हा पेन खाली ठेवले, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आईच्या या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजवते आणि अशा तंतूंतून संदेश सावकाश जातो किंवा वाटेत अडतो. आपण हा आजार फक्त तिच्या पायांत पाहिला. विचारांचा वेग मंदावणे हेही त्याचेच लक्षण आहे, आणि सुमारे ४० ते ६५ टक्के रुग्णांना बुद्धीच्या कामात काही ना काही अडचण येते. हा निष्काळजीपणा नाही, बाबा, आणि आई, हे वेड तर मुळीच नाही.

ईईजीत डोक्याला तारा चिकटवतात, वीज देत नाहीत, दुखत नाही. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला ८ ते १३ लहरींची लय उमटते. मग एकसारखे आवाज ऐकवून मध्येच वेगळा आवाज देतात. तो ओळखताना साधारण ३०० मिलिसेकंदांनी जी लहर उठते तिला पी-३०० म्हणतात, आणि या आजारात ती पुष्कळदा उशिरा उठते. एमआरआयमधले डाग हा वेग सांगत नाहीत. अर्थात एकट्या ईईजीवरून काही ठरणार नाही; थकवा, अपुरी झोप आणि खिन्नता यांनीही माणूस मंदावतो, म्हणून चिन्हांना आकडे जुळवण्याची ९० सेकंदांची चाचणीही करतील आणि आई, डॉक्टर तुझ्याशी निवांत बोलतील.

येथे लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आहे, आणि तुझी ती जुनी चादर व उशी बरोबर आण, म्हणजे झोप लागेल. रविवारी केस धुवायचे, पण तेल लावायचे नाही. दर रविवारी मला पाटावर बसवून डोक्यात तेल जिरवणाऱ्या तुला मी हे सांगावे, याचे मलाच कसेसे होते. तपासणीनंतर केसांत लेप राहतो. तो मी धुऊन देईन, कोमट पाण्याने, कढत नाही.

कारण, बाबा, उष्णतेने आईचे संदेश आणखी अडखळतात. अंग थंड झाले की त्रास उतरतो, पण सोलापूरचा पारा चाळिशीपार जाणारच आहे, म्हणून तिच्या खोलीत एसी बसवायला माणूस गुरुवारी येईल. बिलाची चर्चा नको, ते मी भरेन. दुपारी तिला गच्चीवर पापड वाळवायला जाऊ देऊ नका. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि बाबा, ती बोलताना थांबली तर मनात दहा मोजा, तिचे वाक्य तिलाच पुरे करू द्या.

जुनी फाइल आणि एमआरआयच्या फिल्म कपाटाच्या वरच्या खणात, आत्याने दिलेल्या सोलापुरी चादरींखाली आहेत. त्या विसरू नका.

तुमची,
बेबी