दत्ताला पत्र : आधी तुझी तपासणी

मिरज,
6 जुलै

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्हाला मूल होत नसल्याचा विषय निघाला की तू पावसापाण्यावर येतोस, म्हणून लिहायला बसलोय. शेवटपर्यंत वाच.

वहिनींची दुर्बिणीची तपासणी ठरल्याचं काकूंकडून कळलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफ्या झाल्या, गर्भनलिकांचा एक्स-रे झाला. तो किती दुखतो हे आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या बायकांच्या तोंडून मी ऐकलंय. आता भूल देऊन पोटाला छिद्रं पाडायची. आणि एवढ्या वर्षांत तुझी वीर्यतपासणी एकदाही झालेली नाही. दत्ता, हे बरोबर नाही. दिवस न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं; कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. जिला सुईसुद्धा टोचावी लागत नाही ती तपासणी सगळ्यांत आधी व्हायला हवी होती.

तू म्हणशील, मी धडधाकट आहे, मला काय झालंय. पण ताकदीचा आणि शुक्रजंतूंचा संबंध माणसं समजतात तसा नसतो. वीर्यातला बहुतेक भाग ग्रंथींच्या स्रावाचा असतो, शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा. म्हणून तर नसबंदी केलेल्या माणसालाही काही वेगळं जाणवत नाही. चांगल्या कसलेल्या शरीराच्या माणसाची स्लाइड मी मायक्रोस्कोपखाली धरतो आणि तिच्यावर एकही जंतू नसतो, असं होतं. त्यात त्याच्या पुरुषपणाला काही उणं नाही. एक आजार आहे, त्याचं कारण शोधायचं, एवढंच. अंडकोषाभोवतालच्या शिरा फुगल्या असतील, त्याला व्हेरिकोसील म्हणतात, तर अनेकदा उपायही असतो. ते डॉक्टर हाताने तपासून सांगतात.

मला जास्त काळजी तुझ्या द्राक्षबागेतल्या फवारणीची आहे. 1977 ची अमेरिकेतली गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाच्या गावी कीटकनाशकांचा कारखाना होता. तिथल्या कामगारांना आपापसांत बोलताना लक्षात आलं, की आपल्यातल्या बऱ्याच जणांना मूलच होत नाहीये. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला. डीबीसीपी नावाचं औषध हाताळणाऱ्या कित्येकांत शुक्रजंतू एकदम कमी निघाले, काहींत मुळीच नव्हते. हे मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमी नावाच्या बारीक जंतांना मारायचं औषध, तिकडच्या द्राक्षबागांतही वापरलं जायचं. काम सुटल्यावर काहींचे जंतू परत आले, काहींचे आलेच नाहीत. त्या माणसांना ना चक्कर आली होती, ना उलटी. आपल्याकडे 2017 मध्ये यवतमाळात फवारताना माणसं दगावली तेव्हा सगळ्यांना दिसलं. हे दिसत नाही, म्हणून याची जास्त धास्ती वाटते.

डीबीसीपी तू मारत नाहीस. पण बुरशीसाठी कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब मारतोस. कार्बेन्डाझिमने उंदरांच्या वृषणांना इजा होते हे प्रयोगांत दिसलंय, आणि ही दोन्ही औषधं युरोपने प्रजननाला घातक ठरवली आहेत, तिथे पिकांवर ती मारायला आता परवानगी नाही. तुझ्या घरी त्यामुळेच अडलंय असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कोणीच म्हणू शकत नाही. पण उघड्या अंगाने, तोंडाला नुसता पंचा बांधून ब्लोअर चालवणं आजपासून बंद कर. हातमोजे, चांगला मास्क, अंगभर कपडे. ते कपडे वहिनींना घरच्या धुण्यात धुवायला देऊ नकोस, वेगळे ठेवून तूच धू. फवारल्यावर अंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू नकोस. ही औषधं वहिनींच्याही शरीरात जातात.

तंबाखू सोड. मळून खाल्ली काय, ओढली काय, जंतूंच्या संख्येला आणि हालचालीला दोन्ही वाईट. दारू तू फारशी घेत नाहीस, तीही नको. अंडकोषांना अंगापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते म्हणून ते शरीराबाहेर असतात. तेव्हा घट्ट कपडे नकोत आणि तासन्‌तास तापल्या ट्रॅक्टरवर बसणं टाळ. आणि कोणी ताकदीचं इंजेक्शन सुचवलं तर घेऊ नकोस, हात जोडून सांगतो. टेस्टोस्टेरॉन बाहेरून टोचलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो आणि जंतू तयार होणंच मंदावतं. मूल व्हावं म्हणून ते घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

हे सगळं केलं तरी दुसऱ्या महिन्यात फरक दिसणार नाही. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, पुढे बाहेर पडायला आणखी दहा-पंधरा दिवस. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो, पण ऑक्टोबर छाटणी झाल्याशिवाय तो दिसत नाही, हे तुला मी काय सांगणार. इथेही तसंच. आज सुधारलं ते तीन महिन्यांनी रिपोर्टात येईल. म्हणूनच आता लिहितोय. ऑक्टोबर छाटणीनंतर तुझ्या फवारण्यांना खंड नसतो, त्याआधीचे हे दिवस हातचे घालवू नकोस.

वहिनींचंही राहू नये. त्यांचं थायरॉईड तपासलं का ते विचार, आणि फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या आधीपासूनच सुरू असावी लागते. पण काकूंनी वहिनींच्या उपासांना आणि नवसांना जरा आवर घालावा. हे तूच सांगू शकतोस, त्या सुनेचं ऐकणार नाहीत.

आता काम. दुर्बिणीची तारीख पुढे ढकलता येईल का ते डॉक्टरांना विचार, तुझा रिपोर्ट येईपर्यंत. तपासणीआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको. नमुना लॅबमध्येच दिलास तर उत्तम. घरून आणायचा तर तासाच्या आत पोचायला हवा, तासगावहून ते अवघडच. संख्येची खालची मर्यादा मिलीलिटरला 1 कोटी 60 लाख धरतात, पण एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप आला असेल तर तेवढ्यानेही आकडा खाली येतो. गरज पडली तर पुन्हा करू.

सोमवार सोडून कधीही ये, सकाळी लवकर. फवारणीची वही घेऊन ये, कोणतं औषध कधी आणि किती मारलंस ते डॉक्टरांना दाखवायचंय. वहिनींना बरोबर आणलंस तर जेवायला घरीच या.

तुझा,
सुनील