ती. आई-बाबांना, शनिवारी घरी येण्याआधी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

हे सांगायला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा "जेवलात का" एवढंच विचारून ठेवला. म्हणून पत्र. बाबा, तुम्हीच मोठ्यानं वाचा. आईला मधलं गाळून सांगू नका.

मला थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आहे. मी हो म्हटलंय. तिकडच्या शाळा मेच्या मध्यावर सुरू होतात, म्हणजे ८ मेला निघायचं. करार वर्षाचा आहे. वर्षाचाच.

फेब्रुवारीत घरी पोलीस चौकशीला आले, ते पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. परदेशातल्या नोकरीला पोलिसांचा दाखला लागतो, त्यासाठी ते आले होते. बाबा, तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि "पोरगी सरळ आहे आमची" म्हणालात. आईनं हे कौतुकानं सांगितलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. दिवाळीत माडीवर दार लावून बसले होते, ती क्लासची मीटिंग नव्हती. मुलाखत होती. माझं चुकलं. पण नाही म्हणून आलं असतं, तर तुम्हीही माझ्याबरोबर झुरत बसला असता.

सहा मुलाखती दिल्या. दोन ठिकाणी पासपोर्ट भारतीय म्हटल्यावरच बोलणं आटोपलं. एका ठिकाणी काम तेच, तास तेवढेच, पण इंग्रजी मातृभाषा नाही म्हणून पगार कमी. आम्हांला भाषेची वेगळी परीक्षाही द्यावी लागते. टोइक म्हणतात तिला, ९९० पैकी ६०० तरी हवेत. मला ९३५ मिळाले. वाईट वाटलं ते वाटलंच. पण इंग्रजी पोराला कुठे अडते, हे अडलेल्यालाच कळतं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तोवर मी पुढच्या वर्गात गेले होते, एबीसीडी पाचवीत गिरवली. बाबा, प्रवाशांनी सीटवर टाकलेले इंग्रजी पेपर तुम्ही तिकिटांच्या पेटीखाली घडी करून आणायचात. माझं इंग्रजी तिथलं आहे.

दिवाळीतल्या मुलाखतीत दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा होता, तिसरीच्या मुलांसाठी. आत, वर, खाली हे शब्द शिकवायचे. मी माळ्यावरची भातुकली काढली. चमचा कढईत, चमचा पाटावर, चमचा पाटाखाली. तेवढ्यात आई, तू दार ढकलून चहा ठेवलास. पडद्यावर फक्त तुझा हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा. तिकडच्या बाईंनी विचारलं, आई का? मी हो म्हटलं आणि कप पाटावर ठेवून पाठ पुढे नेला.

मग त्यांनी विचारलं, वर्गात एक मूल महिनाभर तोंडच उघडत नाही, काय कराल? मी म्हटलं, बोल म्हणून मागे लागणार नाही. त्याला ऐकू देईन, हाताला काम देईन. चमचा कुठे ठेवायचा ते त्यानं ठेवून दाखवायचं, शब्द मागाहून येतील. त्यांनी लगेच लिहून घेतलं. आई, हे मला बी.एड.ला नाही शिकवलं. साताऱ्याहून परत आले, तेव्हा महिनाभर तू काहीच विचारलं नाहीस. नुसत्या शेंगा पुढ्यात ठेवायचीस सोलायला.

इथे राहून काय बिघडलं असतं, असं तुम्ही म्हणाल. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढली. तास झाला तर पैसे, मे महिन्यात शून्य, आणि झालेल्या तासांचे चार-चार महिन्यांनी. शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी दिली, भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसले. मेचं खोलीभाडं बाबांच्या तेवढ्याशा पेन्शनीतून यायचं. चौतिसाव्या वर्षी ते घेताना मान वर होत नव्हती. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, म्हणून तर जास्त.

आता काळजीचं. विमान मुंबईहून साडेचार तासांच्या आत पोचतं, मला पुण्याहून घरी यायलाही कधी तेवढे लागतात. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे फक्त दीड तास. राहायला शाळेचीच खोली आहे. गावाचं नाव चाचंगसाओ, बँकॉकच्या पूर्वेला. नदीकाठचं आहे, आपल्यासारखंच. आई, तिथे ३९ मीटर उंच ब्राँझचा उभा गणपती आहे. शिक्षकाला ते ख्रू म्हणतात, तो आपला गुरूच. शाळा सुरू झाली की एका गुरुवारी मुलं गुरूंना फुलं वाहतात आणि त्यात दूर्वा असतात. हे वाचलं तेव्हा मला आपल्या देवळातली तुझी परडी दिसली. जेवायला भात आहे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की तिथे शाकाहारी मिळतं, तुझ्या चातुर्मासासारखं, कांदा-लसूणही नाही. भाकरी नाही मिळायची. शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो भडंग मी नेणारच आहे.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलमध्येच करायचं, मी असताना. आंबे संपल्यावर बघू, हे चालणार नाही. साखरेची गोळी जेवणाआधी, ताटावर बसून आठवल्यावर नव्हे. आई, गुडघा धरून माडी चढायची नाही, वाळवणं खाली अंगणात घाल. लाइटबिल आणि सिलिंडर मी तिथूनही भरू शकते, रांगेत उभे राहू नका. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढतंय असं कळलं, की सामान वर चढवत बसायचं नाही, सरळ कोल्हापूरला दादाकडे जायचं. २०१९ ला बाबा छातीभर पाण्यातून माझ्या सर्टिफिकेटांची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आले. तीच सर्टिफिकेटं आता व्हिसाला लागली, एकालाही डाग नाही. पण पुन्हा तसं करायचं नाही. शपथ आहे माझी.

तुमच्यापासून लांब जायचं म्हणून जात नाहीये, एवढं मनात ठेवा. रागवा, पण गप्प बसू नका.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते. दादाला अजून सांगू नका, मीच सांगेन. आणि आई, ती भातुकली आवरून माळ्यावर ठेवली असशील तर बाबांना स्टुलावर चढवू नकोस. मी आल्यावर काढीन. तेवढा चमचा आणि कढई मला न्यायची आहे.

तुमची,
चिमी