वाइंडिंगवाल्या काकांना, आठवी ब कडून आणि माझ्याकडून थँक्यू

काका, नमस्कार. तुम्ही फेसबुक उघडत नाही माहितीये मला, पण तुमची नात उघडते, ती दाखवेल वाचून. नाही दाखवलं तर मी दुकानात येऊन वाचते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका वाइंडिंग करतात, म्हणजे मोटारीत तांब्याच्या वायरचे वेढे भरून देतात. मी बीएस्सी झूलॉजीवाली. बेडकाचं हृदय मला रात्री दोनला उठवून विचारा, पण छोट्या शाळेत सायन्स म्हटलं की सगळं एकाच मॅडमच्या गळ्यात, त्यामुळे आठवीचा ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ पण माझ्याच वाट्याला. जुलै महिना, बाहेर कोकणातला पाऊस, मी खिळ्यावर तांब्याची वायर गुंडाळली, सेल लावला, टाचण्यांजवळ नेला आणि एक टाचणी हलेल तर शप्पथ! सेल बदलला, वेढे वाढवले, तेच. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तांबं तर चुंबकाला चिकटतच नाही, मग त्याच्या वायरने चुंबक कसं होणार?" वर्ग हसला, मी पण हसले, बेल झाली म्हणून वाचले.

संध्याकाळी ती वायर घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही एका पाण्याच्या मोटारीत डोकं घालून बसलेले, मान वर न करता वायरचं टोक चाचपलंत आणि विचारलंत, "घासलंय का?" झालं! वाइंडिंगच्या वायरवर इनॅमलचा कोट असतो, दिसायला नुसतं तांबं दिसतं पण टोकं घासल्याशिवाय करंट आत शिरतच नाही, आणि तो कोट नसता तर वेढे एकमेकांना टेकून करंटने गोल फिरायच्या ऐवजी सरळ शॉर्टकट मारला असता. मी इतकी वर्षं ‘विद्युतरोधक आवरण असलेली तार’ असं वाचून दाखवत आलेय हो, वाचूनच फक्त. तुम्ही पॉलिश पेपरचा तुकडा दिलात, टोकं लालसर चमकेपर्यंत घासली, आणि तिथेच काउंटरवर खिळ्याने वायसर उचलला. वर दम पण दिलात की सेल दोन-चार सेकंदांच्या वर लावून ठेवू नका, बोट भाजेल.

तांब्याच्या प्रश्नाचं उत्तर पण तुमच्याच शब्दांत दिलं मी वर्गात: तांबं म्हणजे नुसता रस्ता, चुंबक होतं ते त्यातून धावणाऱ्या करंटमुळे. मग होकायंत्र ठेवलं, सुईच्या वर तिच्याच दिशेने वायर धरली, सेल टेकवला की सुई वळली, सेल उलटा केला की दुसऱ्या बाजूला वळली. एका गटाने वायर आडवी धरली आणि सुई ढिम्म, ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत म्हणून माझी अब्रू वाचली. 1820 मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडला पहिल्यांदा दिसलं ते हेच, सुई वळणं. तोपर्यंत वीज आणि चुंबक ही लोकांना दोन वेगळीच प्रकरणं वाटायची.

पोरांचं उलटं, त्यांना दोन्ही एकच वाटतं. "मॅडम, चुंबकाचं प्लस टोक कुठलं?" हे मला दर वर्षी ऐकायला मिळतं. त्यावर तुम्ही तो फुटका स्पीकर मॅग्नेट दिलात ना, तो मी जन्मभर जपणारे. पोरांना वाटलेलं एका तुकड्यात नॉर्थ, दुसऱ्यात साऊथ निघेल. निघालं काय, तर प्रत्येक तुकड्याची एक बाजू नॉर्थ, एक साऊथ, आणि गंमत म्हणजे तुकडे होते तसे परत जोडायला गेलं की एकमेकांना ढकलतात, एक उलटा केला की खट्कन बसतात! वीस मिनिटं वर्ग त्यातच होता, मी थांबवलं नाही. प्लस आणि मायनस चार्ज मात्र वेगळे वेगळे राहू शकतात, स्ट्रॉ टिश्यू पेपरवर घासली की स्ट्रॉवर एक जातो, कागदावर दुसरा.

अर्थात पावसाळ्यात तेही होईना, दमट हवेत चार्ज टिकतच नाही. तुम्ही वाइंडिंग सुकवायला मोटारीत बल्ब लावून ठेवता ते मी बघितलेलं, मग स्ट्रॉ, टिश्यू सगळं तासभर बल्बखाली ठेवलं आणि घासल्यावर कागदाचे कपटे टुणकन उडाले. तशीच स्ट्रॉ धाग्याला टांगलेल्या, चुंबक केलेल्या सुईजवळ नेली तर तिने सुईची दोन्ही टोकं ओढली. चुंबक नेला तर एक टोक ओढतो, एक ढकलतो. प्लस टोक विचारणारी पोरगी म्हणाली, "मग मॅडम, हे दोन वेगळे आहेत." मी काहीच बोलले नाही, फळ्यावर तिचं नाव लिहिलं.

वायरचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहा वर पाजलात, आणि त्या दिवशी मोटार न्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्यामुळे पाऊण तास ताटकळलं, त्यांना पण सॉरी सांगा. पॉलिश पेपर अजून माझ्या पर्समध्येच आहे. आणि काका, आता आठवी अ वाले पण मागे लागलेत, तर अर्धा किलो वायर काढून ठेवाल का? जळक्या मोटारीतली नको, तिचा कोट गेलेला असतो असं तुम्हीच सांगितलंत.