जादूचे बिल कोणाच्या नावावर?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्व्हल कंपनीच्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’ या सुपरहिरोपटाच्या दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे ‘मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’बद्दल, आपल्या रविवार पुरवणीत छापून आलेल्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. निम्म्यांचे म्हणणे ‘डोक्यावरून गेला’, आणि उरलेल्यांचे ‘जादूच्या सिनेमात लॉजिक कसले शोधता?’ मुले घाबरल्याच्या तक्रारी होत्या, आणि ‘हे सगळे आपल्याच शास्त्रांतून उचलले आहे’ असे अभिमानाने लिहिणारेही होते. माझ्या मते पहिल्या दोन्ही पक्षांच्या हातून मूळ मुद्दा निसटला आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. चित्रपट मे २०२२ मध्येच लागून गेला आहे, तेव्हा शेवट सांगितला म्हणून कोणी रागावू नये.

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. सुपरहिरोंशी माझा संबंध नातवामुळे. २०१६ साली पहिल्या भागाला त्याने ओढून नेले तेव्हा मी गेले ती नावातल्या ‘डॉक्टर’कडे बघून. स्कॉट डेरिक्सन यांच्या त्या चित्रपटात सुरुवातीलाच न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू आहे, गाणी वाजताहेत आणि स्टीफन स्ट्रेंज (बेनेडिक्ट कम्बरबॅच) हातातले काम न थांबवता गाणे कोणत्या सालचे ते सांगतो आहे. आमच्याकडच्या एका सर्जनना टाके घालताना किशोरकुमार लागायचा, त्यामुळे मला त्यात नवल वाटले नाही. मग येतो तो डोक्यात गोळी लागलेला रुग्ण. मेंदूमृत ठरवून त्याचे अवयव काढायची तयारी चाललेली असते. स्ट्रेंज ती तयारी थांबवतो, यंत्रांच्या मदतीची वाट न बघता हातानेच गोळी काढायला घेतो आणि शेजारच्या डॉक्टरला म्हणतो, घड्याळ झाका. तेवढी टिकटिकसुद्धा त्याला नको असते. ऑपरेशन थिएटरमधली ती शांतता मी अनुभवलेली आहे. ज्याने कोणी हा प्रसंग लिहिला, त्याने एखाद्या सर्जनच्या शेजारी उभे राहून पाहिले असावे.

मग हा गर्विष्ठ माणूस भरधाव गाडी चालवताना फोनवर एका रुग्णाचे रिपोर्ट बघतो आणि दरीत कोसळतो. दोन्ही हातांच्या हाडांत मिळून स्टीलच्या ११ पिना, तुटलेले अस्थिबंध, नसा निकामी. (श्रेयनामावली संपता संपता ‘गाडी चालवताना लक्ष विचलित होणे धोक्याचे’ अशी सूचना येते. ती वाचायला आमच्या ओळीत मी आणि नातू दोघेच उरलो होतो, तोही शेवटचा जोडप्रसंग चुकू नये म्हणून.) उपचारांत सगळा पैसा संपतो आणि तो काठमांडूला कमर-ताज नावाच्या ठिकाणी जादू शिकायला जातो. तेसुद्धा एकाच आशेने, हात बरे व्हावेत.

इथून पुढे चित्रपटाने जे केले, ते मला फार शहाणपणाचे वाटले. पँगबॉर्न नावाचा एक गृहस्थ त्यात आहे. छातीखाली लुळा पडलेला हा माणूस जादूच्या बळावर चालायला लागला आहे. पण त्याची सगळी विद्या त्या चालण्यावरच खर्ची पडते, दुसरे काही करायला ती उरत नाही. त्याने चालणे निवडले. म्हणजे स्ट्रेंजलाही हात परत मिळवता आले असते. तो ते घेत नाही. शेवटच्या प्रसंगात फुटक्या काचेचे घड्याळ मनगटावर बांधतो तेव्हाही बोटे थरथरत असतात. आणि त्याच्याबरोबरचा जादूगार मोर्डो त्याची साथ सोडताना बजावून जातो की निसर्गाचा नियम मोडला तर त्याचे बिल कधी ना कधी येतेच.

डोरमामूचा प्रसंगही त्याच हिशेबातला. साऱ्या विश्वाला गिळायला निघालेल्या त्या राक्षसापुढे स्ट्रेंजची ताकद शून्य. म्हणून तो काळालाच फास घालून ठेवतो: मरायचे, पुन्हा समोर उभे राहायचे, सौदा करायला आलोय म्हणायचे, पुन्हा मरायचे. घेणेकऱ्याने दारात धरणे धरून बसावे तसा. राक्षस वैतागून निघून जातो. सुपरहिरोच्या चित्रपटाचा शेवट मारामारीऐवजी नायकाच्या चिवटपणावर होतो, हे मी पहिल्यांदा पाहिले. त्यासाठी त्याला किती वेळा मरावे लागले, ते आपल्या डोळ्यांदेखत घडते. तिथे लॉजिकबद्दल कोणी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही.

म्हणून ‘जादूच्या सिनेमात लॉजिक शोधू नका’ म्हणणाऱ्यांना माझे सांगणे असे की प्रेक्षक लॉजिक शोधतच नाही. माणूस हवेत ठिणग्यांचे वर्तुळ काढून न्यूयॉर्कहून हिमालयात पाऊल टाकतो, हे त्याने तिकीट काढतानाच मान्य केलेले असते. त्याला एवढेच कळायला हवे असते की कोणाला काय जमते, काय जमत नाही आणि जमवायला काय मोजावे लागते.

या निकषावर दुसरा भाग लावून बघा. त्याचे दिग्दर्शन सॅम रेमींकडे आले. १९८१ मध्ये ‘द इव्हिल डेड’ करणारे आणि २००२ पासून ‘स्पायडरमॅन’चे तीन भाग करणारे ते हेच. खलनायिका आहे वांडा, आधीच्या चित्रपटांतली चांगली जादूगारीण. तिला तिची दोन मुले हवीत आणि त्यासाठी अनेक विश्वांत फिरू शकणाऱ्या अमेरिका चावेझ या पोरीचा जीव घ्यायला ती तयार आहे. पण ही मुले मुळात आली कुठून, गेली कुठे, त्यांच्यासाठी या बाईने आधी काय काय सोसले? ते सगळे २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’ या नऊ भागांच्या वेबमालिकेत. ज्याच्याकडे त्या ओटीटीची वर्गणी नाही किंवा ज्याला ती मालिका बघायला सवड झाली नाही, त्याच्यासाठी एक चांगली बाई अचानक बिघडते. नातू माझ्या कानात मागची गोष्ट सांगत होता आणि मागच्या रांगेतून शुकशुक होत होती. ज्यांच्या शेजारी असा नातू नव्हता त्यांच्या डोक्यावरून चित्रपट गेला, तर दोष त्यांच्या डोक्याचा नाही. वांडाने मोजलेली किंमत दुसऱ्याच दुकानात ठेवली होती.

आणि जिथे ती किंमत पडद्यावर आली, तिथे हेच प्रेक्षक कसे वागले तेही सांगते. शेवटाकडे वांडा दुसऱ्या विश्वातल्या त्या मुलांसमोर येते आणि मुले तिला बघून किंचाळतात, हाताला लागेल ते तिच्यावर फेकतात. एलिझाबेथ ओल्सनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसते, त्याला कुठलीही मालिका बघितलेली असण्याची गरज नव्हती. आमच्या खेळाला तोवर कुरकुरीत पाकिटांचा आवाज चालू होता, तो थांबला.

स्ट्रेंजच्या बाबतीत मात्र हिशेब चक्क बुडवला आहे. तो डार्कहोल्ड हा निषिद्ध ग्रंथ वापरतो. त्याची सजा म्हणून अगदी शेवटी भर रस्त्यात तो ओरडत गुडघ्यांवर कोसळतो आणि कपाळावर तिसरा डोळा उघडतो. वा! म्हणजे मोर्डोने सांगितलेले बिल आले एकदाचे. पण श्रेयनामावलीतल्या जोडप्रसंगात हाच माणूस रस्त्याने मजेत चालला आहे, एक नवी बाई भेटते आणि तो तिसरा डोळा उघडून, टोपी घालावी इतक्या सहज, तिच्याबरोबर नव्या मोहिमेवर निघतो. दोन मिनिटांपूर्वीची वेदना गेली कुठे? प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते ते इथे.

चांगले ते चांगलेच म्हणायला हवे. वेगवेगळ्या विश्वांतले दोन स्ट्रेंज समोरासमोर येतात तेव्हा पियानोजवळच्या कागदांवरून स्वरलिपीची चिन्हे उचलून ते एकमेकांना फेकून मारतात. प्रत्येक फेकीबरोबर तोच सूर वाजतो. बाखची टोकाटा आणि बेथोवनची पाचवी सिंफनी संगीतकार डॅनी एल्फमन यांनी त्यात बेमालूम गुंफली आहे. आपल्या पुरवणीतल्या एकाही पत्रात या प्रसंगाचा उल्लेख नाही, याचे मला वाईट वाटले. अडीचशे रुपयांपैकी शंभर मी त्या प्रसंगाला दिले असते.

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था पहिल्याच दिवशी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी मागते. पहिल्या भागाला ‘ए’ मिळाली होती, दुसऱ्याला ‘बी प्लस’. कमाईचे उलट: पहिल्याची जगभरात सुमारे ६८ कोटी डॉलर, दुसरा नव्वद कोटींच्या पुढे गेला. ‘लोकांना आवडला म्हणूनच एवढा चालला’ असे लिहिणाऱ्या वाचकाने हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. तिकीट आधी काढतात, मत नंतर होते.

आता ‘हे सगळे आपलेच’ म्हणणाऱ्यांबद्दल. सूक्ष्मदेह, गुरुकुल, मंडले बघून आपल्याला आपलेपणा वाटणे साहजिक आहे, मलाही वाटला. पहिल्या भागात स्ट्रेंज टेबलावर बेशुद्ध आणि त्याचा सूक्ष्मदेह शेजारी उभा राहून डॉक्टर क्रिस्टीनला हृदयाभोवती साठलेले रक्त सुईने कसे ओढायचे ते सांगतो, या प्रसंगात तर माझे दोन्ही धर्म एकत्र आले. पण त्या बोटांच्या मुद्रा भरतनाट्यमच्या नाहीत. कम्बरबॅचला त्या ‘फिंगर टटिंग’ या अमेरिकी रस्त्यावरच्या नृत्यप्रकारातल्या कलाकाराने शिकवल्या. काठमांडूही भारतात नाही, नेपाळात आहे. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच पाटण, स्वयंभूनाथ, पशुपतिनाथ परिसरात चित्रीकरण झाले. तक्रारच करायची असेल तर वेगळी करा. स्टीव्ह डिटको यांनी १९६३ साली हे पात्र आणले, त्या चित्रकथांत स्ट्रेंजचा गुरू तिबेटी होता. चित्रपटात त्याच्या जागी केल्ट वंशाची बाई आली आणि ती टिल्डा स्विंटनने केली. त्यावर अमेरिकेतल्या आशियाई प्रेक्षकांनीच टीकेची झोड उठवली आणि २०२१ मध्ये मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी ते चुकल्याचे मान्यही केले. गुरुकुल हिमालयात, आणि गुरू तेवढा युरोपातला! बाई काम उत्तम करतात, पण खटकायचे ते खटकतेच.

मुलांच्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. रेमींनी यात सरळसरळ भयपट केला आहे. कुजलेले प्रेत उठून चालते, एका वीराच्या देहाच्या पट्ट्या पट्ट्या होतात. आमच्या पुढच्या रांगेत पाच-सहा वर्षांची मुले होती आणि त्यांतले एक मध्यंतरानंतर दिसले नाही. ‘यूए’ प्रमाणपत्राचा तेव्हाचा अर्थ, बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवा. पॉपकॉर्न घेऊन देणे म्हणजे मार्गदर्शन, असा समज दिसतो. पण पालकांनाही कुठून कळावे? पोस्टरवर तोच लाल झगा.

जाता जाता आणखी एक. हा चित्रपट आपल्याकडे इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये आला. मिरजेहून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडच्या आजीला तिच्या भाषेत वांडा भेटू शकली, मला मात्र हिंदीत नाहीतर इंग्रजीत. मल्टिप्लेक्सवाले म्हणतात मागणी नाही. मागितली कोणी आणि कोणाकडे, हेही एकदा आपल्या बातमीदाराने विचारून बघावे.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच की परीक्षणाच्या चौकटीत ताऱ्यांच्या शेजारी दोन ओळी वाढवाव्यात: हा चित्रपट कळायला आधी काय बघितलेले लागते आणि किती वयाच्या मुलाला नेता येईल. जागा कमी पडत असेल तर एखादा तारा कमी छापा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज