फोन उचलू नकोस

प्रिय चिऊ,

काल फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तुझ्या घशाची चौकशी करायला म्हणून मीच तुला दहा मिनिटं बोलायला लावलं. तू कुजबुजत होतीस. मौन म्हणजे कुजबुजही नाही गं, त्यानंही स्वरयंत्राला ताण पडतो. म्हणून हे पत्र. याला आवाज लागत नाही.

स्वरयंत्रावरच्या गाठी लहान आहेत, शस्त्रक्रिया नको, आवाजाला विश्रांती दिली आणि बोलण्या-गाण्याची पद्धत सुधारली की बऱ्या होतील, हे मी तुझ्या रिपोर्टात तीनदा वाचलं. तेव्हा मी काळजी करत नाहीये. फक्त पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाला तू अजून ‘नाही’ कळवलेलं नाहीस, एवढंच विचारायचं होतं.

बाबा म्हणाले, तिचं तिला कळतं. खरंय. तानपुऱ्याएवढीही नव्हतीस, तेव्हापासून कळतं. मिरजेहून आलेला आपला तानपुरा मी कित्येक वर्षांनी पुन्हा लावत होते, तेव्हा तू तारा टेकतात त्या घोडीला नाक लावून बसली होतीस. मी तारेखालचा दोरा सरकवत होते. तार आधी मुकी, मग किरकिरी, आणि केसभर पुढे सरकवल्यावर एकदम उघडली. जव्हारी लागली. तू दचकून भोपळ्यामागे डोकावलीस, आत कोण बोललं म्हणून! त्याच दिवशी मी ठरवलं, हिला शिकवायचं. दादाकाकांनी तोंड वाकडं केलं ते केलंच.

पुढे पहाटेचा खर्ज. तू सा धरून बसायचीस आणि मी पलीकडच्या खोलीत तुझा दम मोजायची. मारव्याचा कोमल रिषभ तुला कित्येक महिने सापडत नव्हता. एका संध्याकाळी सापडला, आणि तू गाणं थांबवून रडलीस. दाराबाहेर मीही.

असो. सांगायचं होतं ते शिकवण्यांचं. दिवसाचे पाच-पाच तास ऑनलाइन, पोरांसाठी चढ्या पट्टीत गायचं, मोठ्या पुरुषांसाठी उतरून, आणि रात्री स्वतःचा रियाझ. साथीदारांचं देऊन मानधनातलं हातात काय उरतं ते मला ठाऊक आहे, शिकवण्या हौसेनं घेत नाहीस. पण मुलांना प्रत्येक पलटा म्हणून दाखवायलाच हवा का? पेटीवर वाजव, त्यांना म्हणू दे. आणि त्या कार्यक्रमाला जायचंच असेल तर काळी चारची पट्टी सोड, खालची काळी दोन लाव, कुणी काही म्हणणार नाही. नाही, ते खोड. जाऊच नकोस.

बघ, लागले उपदेश करायला. माफ कर.

तू म्हणशील, आईनं पुन्हा किशोरीताई आमोणकर काढल्या. काढणारच. १९५०च्या दशकात त्यांचा आवाज गेला होता, सुमारे दोन वर्षं, आणि त्यानंतर त्या काय गायल्या ते आपण दोघी ऐकतच आलो. कुमारजींचं, कुमार गंधर्वांचं, एक फुप्फुस क्षयानं निकामी झालं. देवासला अंथरुणावर, गायला बंदी. पुन्हा गायला बसले ते १९५३ साली. पण मधल्या वर्षांत कान जागे होते. माळव्याची लोकगीतं ऐकत पडून राहायचे, आणि त्या धुनांतूनच त्यांनी पुढे नवे राग उभे केले. तुला तर काही आठवडेच गप्प राहायचंय.

मोठ्यांची नावं घेतली की स्वतःचं सांगणं टळतं. मी गाणं संसारामुळे सोडलं असं तू समजतेस, मीही तेच सांगत आले. तसं नाही ते. विशारदच्या परीक्षेच्या वेळी माझा घसा पार बसला होता. आजी म्हणाली, पुढच्या खेपेला बस. मी हट्टानं गेले आणि गायले. तार षड्जावर स्वर लागलाच नाही, नुसती हवा आली. पास झाले. पण तो वरचा सा पुन्हा कधी भरून लागला नाही. कुणा डॉक्टरला दाखवावं हे सुचलंसुद्धा नाही. वर्षभर वाट पाहिली आणि तानपुऱ्याला खोळ घातली. ती तुझ्यासाठीच निघाली.

तू तार सप्तकात जातेस तेव्हा मी डोळे मिटून घेते. शेजारच्यांना वाटतं, आई रंगलीय. मी भ्यायलेली असते. गेल्या पावसाळ्यात गौड मल्हारात तू त्या सावर थांबलीस, काही न करता नुसती थांबलीस, तेव्हा एकदाच डोळे उघडे राहिले.

आयोजकांना लिहून कळव. नाराज झाले तर होऊ देत. गुरुजींना मी काही सांगणार नाही, ते तुझं तू बघ.

शनिवारी येते. खर्जाची तार नीट बोलत नाही म्हणालीस ना, दोरा घेऊन येते. मी लावीन, तू छेड. दोघींनी बोलायचं नाही.

रात्री नऊला सवयीनं माझा फोन येईल. उचलू नकोस.

तुझी,
आई