गाडीतली गाणी परत सुरू करून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

माझ्या गाडीतली चांगली स्टिरिओ काढून टाकायची वेळ तुमच्यामुळे टळली. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत.

कोणाचा फोन आला की आवाज गाडीच्या स्पीकरमधून खणखणीत यायचा, पण गाणं लावलं की ते फोनमध्येच वाजत राहायचं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "युनिट गेलंय, नवीन बसवा." तुम्ही मात्र कशालाही हात लावण्याआधी विचारलंत, "कॉल नीट ऐकू येतो ना? मग स्पीकर ठणठणीत आहेत आणि ब्लूटूथही जोडलेलं आहे." कॉलचा आवाज ब्लूटूथच्या एचएफपी नावाच्या मार्गाने जातो आणि गाण्यांचा एटूडीपी नावाच्या वेगळ्या मार्गाने, त्यामुळे एक चालू असताना दुसरं बंद असू शकतं, हे तुम्ही किती सोपं करून सांगितलंत! फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावाखाली 'मीडिया ऑडिओ'चं बटण बंद होतं. ते तुम्ही मला माझ्याच हाताने चालू करायला लावलंत आणि गाणं गाडीभर वाजू लागलं.

तिथेच तुम्ही मोकळे होऊ शकला असतात. पण गाणं मधूनमधून अडखळतंय हे तुमच्या लक्षात आलं. मागच्या सीटवरच्या टॅबसाठी माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू होता. तो बंद करून बघायला सांगितलंत आणि अडखळणं तिथल्या तिथे थांबलं. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यात होता. एकाच फोनला दोन्ही कामं तिथेच करायची, म्हणून गाणं तुटत होतं. हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर नेल्यावर टॅबही चालला आणि गाणंही. फोन मागच्या खिशात ठेवू नका, या लहरी शरीर शोषून घेतं, हे तुम्ही सांगितलेलंही मी कटाक्षाने पाळतो.

जाता जाता आणखी दोन गोष्टी सांगितल्यात. जोडणी बिघडलीच तर ती फोनमधून आणि गाडीतून, दोन्हीकडून पुसायची आणि मगच नव्याने जोडायची. आणि गाणी वाजवणाऱ्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळायचं. पहिली युक्ती मेहुण्याच्या गाडीला लगेच लागू पडली. त्याच्याकडे नुसती फोनमधली जोडणी पुसून काही उपयोग होत नव्हता.

नवीन वस्तू घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतात. आहे त्या वस्तूत नेमकं काय अडलंय ते शोधायला तुम्ही तुमचा वेळ दिलात, आणि तोही काही न घेता. प्रत्येक वेळी कारण सांगितलंत, म्हणून आता अडलं तर कुठून बघायला सुरुवात करायची हे मला कळतं.

लांबच्या प्रवासात आई आता तिची आवडती जुनी गाणी ऐकत असते. मध्ये फोन आला तर गाणं थांबतं आणि बोलणं संपलं की तिथूनच पुढे सुरू होतं. तिने तुम्हाला आवर्जून आशीर्वाद कळवायला सांगितले आहेत.

तुमचा ऋणी,
एक गाडीवाला